वाळ्याचं पाणी

गोजरबाईंच्या विहीणबाई सुनेच्या डोहाळजेवणाला राजूरहून बोरटेकला आल्या त्या स्वतःचं पाणी घेऊनच. जीपमधून आधी ओटीचं सामान उतरलं, मग फुलांच्या वाडीचं खोकं, मग गुडघा धरत विहीणबाई, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हरने एक निळा जार खांद्यावरून आणून ओसरीवर ठेवला. गावातल्या सगळ्या बायका बघत होत्या. जार टेकल्याचा आवाज तसा फार मोठा नव्हता, पण तो गोजरबाईंच्या नवऱ्याच्या, बिभीषणरावांच्या, कानात पुढे कितीतरी दिवस राहिला.

गोजरबाई दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या. विहीणबाईंनी तांब्या घेतला, कपाळाला लावला आणि न पिताच उंबऱ्यापाशी ठेवला.

"राग नका मानू, विहीनबाई," त्या म्हणाल्या. "गेल्या टायमाला तुमच्या हितलं पानी पिऊन गेले आन् आठ दिस पोट धरून बसले. आमच्याकडं डोंगराचं पानी. आमाला ह्याची सवय न्हाई."

"आमाला तरी कुठं हुती," गोजरबाई म्हणाल्या, "लागली."

डोहाळजेवण नीट पार पडलं. गोजरबाईंची लेक ज्ञानेश्वरी फुलांची वाडी घालून पाटावर बसली, बायकांनी गाणी म्हटली, पुरणपोळ्या झाल्या. निघताना मात्र विहीणबाईंनी पोटातलं ओठावर आणलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्यांनाही मान्य होती. पण असल्या पाण्यात सुनेला दोन महिने ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"आमावस्या झाली की आमचा राधाकृष्ण येईल," त्या म्हणाल्या. "तवर पान्याचा वास गेला आसंल तर राहू द्या लेकीला. न्हाईतर तो घिऊन जाईल. बाळतपन आमी करू."

जीप गेली. गोजरबाईंनी लेकीच्या बाळंतपणासाठी जुन्या मऊ लुगड्यांच्या गोधड्या शिवून ठेवल्या होत्या, डिंक आणला होता, अळीव आणला होता, आतली खोली रंगवून घेतली होती. एकुलती एक लेक, जिल्ह्याच्या त्या टोकाला दिलेली, लग्नानंतर पहिल्यांदाच मुक्कामाला आलेली. ती पाण्यापायी परत जाणार, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. आणि शिरलं, तेव्हा त्यांना विहीणबाईंचा राग आला. तो राग चुकीच्या माणसावर होता, हे त्यांना नंतर कळलं. बाकी गावाला अजून कळायचंय.

बोरटेकच्या पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं. विहिरीतून मोटर पाणी उपसते, ते उंच टाकीत चढतं आणि टाकीतून नळाला येतं. यात चुकण्यासारखं काही नाही, असं आमच्या गावाचं मत होतं. पाण्याला वास यायचा, हे खरं. तो कसला, यावर मतभेद होते. शाळेच्या बाजूला तो ओल्या गोणपाटाचा वाटायचा, खालच्या आळीला खुराड्याचा. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंचं एकमत व्हायचं.

गावाने उपाय केलेच नाहीत, असं कुणी म्हणू नये. आमच्याकडे प्रत्येक नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतं. ते पिवळं पडलं की बदलायचं, आणि पिवळं का पडलं याचा विचार करायचा नाही. हंड्यात तुरटी फिरवायची. चहात आलं इतकं घालायचं, की पाहुण्याच्या जिभेला दुसरं काही कळूच नये. डाळ शिजेना झाली तर सोडा आहेच. बिभीषणराव स्वतः पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष होते. समितीची बैठक वर्षातून एकदा व्हायची आणि तिला चहा हायवेवरच्या हॉटेलातून यायचा.

या वर्षीची बैठक जारमुळे लवकर झाली. सरपंच कानिफनाथ अण्णांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाला कुलूप असतं, त्यामुळे कारभार दुकानातच चालतो.

"आन्ना, विहीन जार घिऊन आली," बिभीषणराव युरियाच्या गोणीवर बसत म्हणाले.

"कंपनीचा?"

"राजूरचा."

"म्हंजी आपल्या गावाला राजूरचं पानी पाजलं तिनं!"

"आपल्याला न्हाई पाजलं. तिचं तिनंच पिलं."

"ते तर जास्तच वाईट," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी मोटर चालवणाऱ्या छगनला बोलावलं. टाकीत जंतू मारायची पावडर टाकण्याचं कामही छगनकडेच.

"छगन, खरं सांग. वास कशाचा येतो?"

"एक पावडरीचा येतो," छगन म्हणाला, "आन् एक दुसरा येतो."

"दुसरा कशाचा?"

"त्ये काय माहीत न्हाई."

अण्णांनी बराच विचार केला. दुसरा वास कशाचा हे माहीत नाही, म्हणजे तो काढता येणार नाही. पावडरीचा वास कशाचा हे माहीत आहे, तेव्हा तो काढता येईल. पोतं आपल्याच ताब्यात आहे. दोनातला एक वास कमी झाला म्हणजे निम्मं काम झालं. समितीला हे पटलं. त्या पाण्यात जी एकच गोष्ट स्वच्छ होती, ती काढून टाकायचं असं एकमताने ठरलं.

"आन् ऱ्हायलेल्या निम्म्याचं?" बिभीषणरावांनी विचारलं. त्यांना लेक डोळ्यासमोर दिसत होती.

"वाळा," अण्णा म्हणाले. "आमच्या सासुरवाडीला माठात वाळा टाकत्यात. पानी आसं लागतं, जसं काय लग्नाच्या पंगतीतलं."

"माठात टाकत्यात, आन्ना. ही टाकी हाय."

"टाकी म्हंजी तरी काय रं? मोठा माठच की."

नगरहून वाळ्याच्या मुळ्यांचा भारा आला. पांढऱ्या मांजरपाटात त्याचं गाठोडं बांधलं, गाठोड्याला हार घातला, टाकीच्या पायथ्याला नारळ फोडला. अण्णांचा फोटो असलेला फलक लागला, त्यावर 'सुगंधी जल' असं लिहिलं होतं. छगन गाठोडं पाठीला बांधून शिडीने वर चढू लागला, तसा खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

गोजरबाई बायकांत उभ्या होत्या. त्यांनी मान वर करून हाक मारली, "छगनभाऊ, गेलाच हायेस तर आत डोकावून बघ की! टाकी धुवाया झालीय का?"

"वयनी, आज शुभ काम हाय," अण्णा म्हणाले. "धुनंबिनं मागनं बघू."

"आत लई अंधार हाय!" वरून छगन ओरडला.

एवढ्यावर तपासणी आटोपली. गाठोडं दोरीने आत सोडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, आणि मान्य करायला हवं, ते फार छान होतं. थंड, हलकं, मातीवर पाणी शिंपडल्यावर येतो तसल्या वासाचं. बायका हंडे भरताना थांबून ओंजळीने पीत होत्या. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. लोकांनी मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. पुरुष मंडळी चहा सोडून पाणी पिऊ लागली.

ज्ञानेश्वरी माहेरी आल्यापासून गोजरबाई तिच्यासाठी पाणी उकळून, गाळून, गार करून देत होत्या. उकळल्यावर त्या पाण्याचा वास आणखी दाटून यायचा, पोरीला मळमळायचं, घोटभर प्यायलं की तोंड वाकडं. वाळ्याचं पाणी मात्र तिने तांब्याभर घटाघटा प्यायलं.

"आई, हे उकळू नको बाई," ती म्हणाली. "उकळल्यावर वाळ्याचा वासच मरतो सगळा."

"तेच सांगतोय मी," बिभीषणराव म्हणाले. "आमी आख्ख्या गावानं एवढं करायचं, आन् हिनं त्यो वास ग्यासवर जाळून टाकायचा!"

गोजरबाईंनी स्वतः भांडंभर पिऊन बघितलं. जिभेला तरी तक्रारीला जागा नव्हती. लेक इतक्या दिवसांनी पोटभर पाणी पीत होती. त्यांनी गॅस बंद केला. संध्याकाळी राजूरला फोनही लावला.

"वास गेला, विहीनबाई," त्या म्हणाल्या. "आता यिऊन पिऊन बघा."

"बघू," तिकडून उत्तर आलं.

आठवडा गेला नसेल, शेजारच्या भागूबाईंच्या घरात उलट्या-जुलाब सुरू झाले. मग खालच्या आळीत. मग शाळेत निम्मी पोरं येईनात. दुकानात बसून अण्णांनी निदान केलं, की लोक लग्नातलं खातात आणि नाव पाण्याला ठेवतात. त्या आठवड्यात बोरटेकमध्ये एकही लग्न नव्हतं. हे कुणीतरी म्हटल्यावर अण्णा म्हणाले, "आसपास झाली की."

आणि मग ज्ञानेश्वरी. पहाटे तिला उलटी झाली, सकाळपर्यंत ती भिंत धरल्याशिवाय उभी राहीना. ओठ सुकले, डोळे खोल गेले. पोटावर हात ठेवून ती एकच म्हणायची, "आई, बाळ हलंना." गोजरबाईंनी तिला टेम्पोत घातलं आणि मिरजगावला दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी टेम्पोवाल्याला एवढ्या शिव्या घातल्या, की त्याने नंतर बिभीषणरावांना विचारलं, माझं काय चुकलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. तो समोर होता, इतकंच.

वॉर्डात गेल्यावर गोजरबाईंना ओळखीची माणसंच माणसं दिसली. निम्मं बोरटेक तिथे सलाईन लावून पडलं होतं. भागूबाईंनी पडल्या पडल्या हात हलवला, जशी काही जत्रेतच गाठ पडली.

डॉक्टरीणबाईंनी पोटाला यंत्र लावलं. ठोके ऐकू आले, तशा गोजरबाई पहिल्यांदा खाली बसल्या.

"बाळ ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिच्या अंगातलं पाणी फार कमी झालंय. अजून उशीर केला असता तर मी काही सांगू शकले नसते. पाणी कुठलं पिता तुम्ही?"

"नळाचं."

"उकळून?"

"वाळा घातल्यालं," बिभीषणराव म्हणाले. आवाजात थोडा अभिमान अजून शिल्लक होता.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काय घातलेलं?"

बिभीषणरावांनी समजावून सांगितलं. पावडर बंद केल्याचंही सांगितलं, वास यायचा म्हणून. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते पाणी हिला पुन्हा द्यायचं नाही. तोंड धुवायलासुद्धा नाही."

"म्याडम, मला काय वाटतंय," बिभीषणराव म्हणाले, "राजूरचं पानी बाधलं आसंल. जारमधलं."

"त्यो जार कधीच रिकामा झाला," गोजरबाई म्हणाल्या. "त्याच्यात तुमीच डिझेल भरून ठिवलंय, पाठीमागं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानेश्वरीला डुलकी लागली, तेव्हा तिचे कपडे आणायला म्हणून गोजरबाई गावात आल्या. घरी गेल्या नाहीत. थेट टाकीपाशी गेल्या. छगन सावलीत बसून तंबाखू मळत होता.

"छगन, टाकीच्या वर काय हाय?"

"वर? काय न्हाई. भोक हाय, माणूस उतराया."

"त्याला झाकन?"

"हाय की."

"मंग वाळा टाकला तवा कसं उघडलंस?"

"उघडाया कशाला लागतंय? वर नसतंच त्ये. देवळात हाय, सप्त्याच्या भांड्यांत." छगनला वाटलं, त्यांना कळलं नाही. "आवो काकू, तुमाला ठावं हाय की. आमटीच्या कढईवर आसतं त्ये."

गोजरबाईंना ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. काही वर्षांमागे हरिनाम सप्त्याच्या काल्याला आमटीची नवी मोठी कढई आणली, तिच्यावर बसेल असं झाकण कुठे मिळेना. कुणीतरी टाकीवरचं लोखंडी झाकण खाली आणलं, ते कढईवर असं बसलं जसं तिच्यासाठीच ओतलेलं. सप्ता संपला. झाकण भांड्यांबरोबर देवळाच्या खोलीत गेलं आणि तिथेच राहिलं. दर वर्षी काल्याच्या दिवशी बायका एकमेकींना ओरडून सांगतात, "अगं, टाकीचं झाकन आना गं, आमटीत धूळ पडंल." दर वर्षी जेवणं झाली की चार जणी मिळून ते राखेने घासतात, ऊन दाखवतात, पुसून ठेवतात. त्या चौघींत एक गोजरबाई असतात. बोरटेकमध्ये त्या झाकणाइतकी स्वच्छ वस्तू दुसरी नाही.

"मंग वरनं काय आत जातं?" त्यांनी विचारलं.

"पारवं जात्यात," छगन म्हणाला. "सावलीला."

गोजरबाईंनी चप्पल काढली, पदर खोचला आणि शिडीला हात घातला. "काकू, पडचाल!" छगन ओरडला, पण उठला नाही. त्या वर गेल्या. भोकापाशी पोचल्या तेव्हा आतून फडफड झाली आणि दोन पारवे त्यांच्या कानाला वारा घालत बाहेर पडले. डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागला. आत, कडेच्या कठड्यावर काटक्यांची घरटी होती. भिंत पांढऱ्या-हिरव्या ओघळांनी भरली होती. खाली पाण्यावर पिसांचा थर होता आणि त्या थरात मधोमध वाळ्याचं गाठोडं हारासकट तरंगत होतं. वास छान येत होता.

त्यांनी दोरी ओढली. गाठोडं वर आलं, त्याला चिकटून काय काय आलं, ते सांगण्यात अर्थ नाही. ते गळतं गाठोडं घेऊन त्या खाली उतरल्या, तसंच गावातून चालत गेल्या आणि अण्णांच्या दुकानात, बियाण्यांच्या पाकिटांच्या बाजूला, काउंटरवर ठेवलं. बिभीषणराव तिथेच बसले होते. दवाखान्यातून औषध आणायला म्हणून ते सकाळी बाहेर पडले होते.

"वयनी, ह्ये काय?" अण्णा मागे सरकत म्हणाले.

"सुगंधी जल," गोजरबाई म्हणाल्या. "पिळून पेला भरू का, आन्ना?"

दुकानातली चार माणसं दाराकडे सरकली.

"टाकीत पारवं नांदत्यात. पिढ्यान्‌पिढ्या. त्यांची घान आमी पितोय, पोरं पित्यात, माझी गरवार पोरगी प्याली. झाकन देवळात. मी, ह्या हातानं घासते त्ये! आमटीत धूळ पडू नये म्हनून! आमटी वर्साला एकदा खाता रं तुमी! पानी रोज पिता!"

"आवो, शांत व्हा. बसा तरी."

"बसायला न्हाई आले. छगनला सांगा, आत्ताच्या आत्ता टाकी रिकामी कर. घासा, पावडर टाका, झाकन लावा."

अण्णांनी घसा साफ केला. ते मुळात वाईट माणूस नाहीत. अडचण पुढे आली की ती खरी वाटते, एवढाच त्यांचा दोष.

"टाकी धुवू की. का न्हाई धुनार? पन झाकनाचं जरा बघावं लागंल. सप्ता तोंडावर आलाय, वयनी. आता झाकन वर चढवलं, तर आमटीवर काय ठिवायचं?"

दुकानात कुणी हसलं नाही. प्रश्न सगळ्यांना रास्त वाटला. बिभीषणरावही कपाळाला आठ्या घालून विचार करू लागले, की आमटीवर खरंच काय ठेवता येईल. "पत्रा मिळंल का बघू," ते पुटपुटले.

गोजरबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी दुकानात येताना मोजून ठेवलेले सगळे शब्द तिथेच सोडून दिले. त्या घरी गेल्या. लेकीचे कपडे भरले, गोधड्या बांधल्या, डिंक-अळीव पिशवीत घातले. आणि स्वतःची दोन लुगडी.

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी राधाकृष्ण राजूरहून जीप घेऊन आला. त्याने सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि बोलायला सुरुवात केली, "मामी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पण ज्ञानेश्वरीला..."

"न्यायची हाय. ने," गोजरबाई म्हणाल्या. "पन बाळतपन मीच करनार. तुझ्या आईला सांग, चुलीपाशी मला जागा ठिव. पहिलं बाळतपन आईनं करायचं. कुठं, ते मी बघीन."

ज्ञानेश्वरीने आईचा हात धरला तो सोडला नाही. तिला जीपमध्ये नीट बसवून, पाठीला गोधडी लावून गोजरबाई तिच्याशेजारी चढल्या, तेव्हा बिभीषणरावांच्या ध्यानात आलं, की बायकोही निघाली आहे.

"तू कुठं चालली? लोकं काय म्हनतील? नातवंड व्हायच्या आधी लेकीच्या घरचं पानीसुद्धा पिऊ नये म्हनत्यात!"

"आपल्या घरचं पिऊन बघितलं की," गोजरबाई म्हणाल्या.

"अगं, पन किती दिस?"

"टाकी धुवून, वर झाकन बसलं की फोन करा. फोटो पाठवू नका. डॉक्टरीनबाई पानी तपासून चांगलं हाय म्हनल्या, की मी यीन."

राधाकृष्णने किल्ली फिरवली. बिभीषणराव खिडकीला धरून दोन पावलं चालले.

"आन् माझ्या जेवनाचं काय?"

"पीठ डब्यात हाय. ग्यास भरल्याला हाय." जीप हलली, तशा गोजरबाई खिडकीतून थोड्या बाहेर वाकल्या. "आन् पानी नळाला येतंय."